कांदा कोण निवडतो?

आकुर्डीच्या कारखान्यात मी संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा फोरमन म्हणाला होता, "म्हणजे मोजणार तुम्ही आणि झिजणार आम्ही." झिजले मात्र मीच. दिवसभर आलेखावर ठिपके टाकायचे आणि संध्याकाळी बसथांब्यावर मान टाकून उभं राहायचं.

त्याच थांब्यावर दुसऱ्या कारखान्यातले एक वयस्कर गृहस्थ यायचे. तेही संख्याशास्त्रवाले. या विषयावर बोलायला दोघांनाही दुसरं माणूस नव्हतं. पण कारखान्यातला आकडा बाहेर न्यायचा नाही, असं दोघांकडूनही लिहून घेतलेलं. मग आम्ही कांद्यावर बोलायचो. चाकणचा बाजार, पोती, खराब निघालेला माल. रांगेतले लोक आम्हाला व्यापारी समजत. एकानं तर भाव विचारला.

एकदा मी म्हणाले, "एका शेतकऱ्याचा कांदा फार खराब निघतोय. आता त्याला बाजारातच येऊ देणार नाहीत."

शेतकरी म्हणजे आमच्याकडे लेथ चालवणारा, लातूरकडचा. अजून टेम्पररी होता. त्यानं बनवलेले भाग तपासणीत फार नापास होत, म्हणून त्याला काढायचं चाललं होतं. बायको-मुलांना त्यानं नुकतंच गावाहून आणलं होतं.

"त्याचा कांदा निवडतो कोण?"

"दुपारचा माणूस. सकाळी दुसरा असतो."

"मग बाई, दोघांपुढे एकच पोतं ठेवा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची."

एवढी साधी गोष्ट, पण तिलाही साहेबांची परवानगी लागे. माझा अर्ज टेबलावर पडून राहिला. रोज विचारून विचारून माझंच तोंड दुखलं. शेवटी सही झाली. लेथवाल्याचे जे भाग सकाळच्यानं पास केले, तेच दुपारच्यानं फेकून दिले. तपासलं, तर दुपारच्याचं मापाचं गेजच झिजलेलं होतं.

साहेब खूश झाले. नवं गेज मागवतो म्हणाले.

"आणि तो लेथवाला?"

"त्याला मागच्याच आठवड्यात मोकळा केला. गेला असेल गावाकडे."

मी रागानं तिथून उठून आले. संध्याकाळी थांब्यावर त्या गृहस्थांनी आपणहून विचारलं, "काय बाई, कांदा कसा निघाला?"

"चांगला होता."

"मग?"

"आधीच फेकून दिला होता."

त्यांची बस आली. ते चढले नाहीत.