टेपचे तीन वेढे

वायर सोलायची तर भाभी दातांनीच सोलायची. कटर हातात असला तरी. वायरचं टोक दाढेखाली धरायचं, मान जराशी तिरकी करायची, एक हिसका द्यायचा आणि वरचं प्लास्टिक थू करून टाकायचं. आतली तांब्याची तार लखलखीत. मग माझ्याकडं बघून म्हणायची, "जमतंय की, ताई." तेवढ्यात फोनमधून तिचा नवरा ओरडायचा, "दात लावू नको म्हणलं ना. पडले तर बत्तीशी कोण बसवून देणार?"

तिचं खरं नाव आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना आजही सांगता यायचं नाही. भाभी म्हटलं की तीच. केजला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. मूलबाळ नव्हतं. दारात लिंबाखाली एक जुनी पांढरी गाडी उभी असायची, तिच्यावर गल्लीतल्या शेळ्या चढायच्या. गाडीचा मालक, म्हणजे भाभीचा नवरा, सौदीला एका गॅरेजात कामाला होता.

जायच्या आधी त्याचं इथंच रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. हॉर्न, सेल्फ, लाइटी, सगळं बघायचा. माणूस तोंडानं फटकळ, पण काम चोख. वायरीला जोड मारला की त्यावर काळ्या टेपचे तीन वेढे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तीन म्हणजे तीन. "एका वेढ्याचं काम निघायसाठीच असतंय," असं तो म्हणायचा. माझ्या गिरणीच्या मोटारीचा जोडही त्यानंच मारलाय. तो अजून तसाच आहे, पीठ बसून पांढरा झालाय एवढंच.

लोकांच्या गाड्यांना अलार्म बसवून देणाऱ्या ह्या माणसानं स्वतःच्या गाडीला मात्र कधी बसवला नाही. मग गल्लीत एकाच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली, दुसऱ्याची स्टेपनी गेली, आणि भाभीच्या सासूनं घोर लावून घेतला. नवरा फोनवर म्हणाला, दुकानातला एक अलार्म माळ्यावर डब्यात पडून आहे, तो बसवून टाक. भाभी म्हणाली, रोडवरून कुणाला तरी बोलावते. झालं, गडी बिघडला.

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात? उद्या सगळा रोड हसंल. तूच बसीव. मी हितून सांगतो."

कारागिरांचा हा नखरा तुम्हीही पाहिला असेल. शिंपी स्वतः फाटका सदरा घालेल, पण दुसऱ्या शिंप्याकडून टाका घालून घेणार नाही.

आता त्यांच्या बोलण्याबद्दल सांगते. ती दोघं आपसात दखनी बोलायची, मी मराठीतच सांगते. अलार्मच्या आधी त्यांचे फोन मला भिंतीपलीकडून ऐकू यायचे आणि ऐकून मलाच कसंसं व्हायचं.

"जेवलीस?"

"हौ. तुमी?"

"हौ. अम्मा?"

"बरी हाय."

"बरं मग."

त्यानंतर दोघंही गप्प. फोन कुणी ठेवायचा, याची दोघंही वाट बघायची. भांडण नव्हतं, दुरावा म्हणावा तर तसाही नव्हता. रोज तेच ते बोलून बोलणं विटलं होतं. एकदा दळण घेऊन जाता जाता भाभी उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "ताई, ह्यो माणूस मला इसरत चाललाय. रागानं न्हाई. सवयीनं." डोक्यावरचा डबा सावरत ती निघून गेली.

तर पहिल्या शुक्रवारी काम सुरू झालं. शुक्रवारी त्याला सुट्टी. नमाज आणि जेवण उरकून तो व्हिडिओ कॉल लावायचा. आमच्याकडं त्या वेळी लाइट गेलेली असायची, गिरणी बंद, म्हणून फोन धरायचं काम माझ्याकडं आलं. सासूचे हात थरथरायचे आणि डॅशबोर्डवर ठेवलेला फोन घसरून भाभीच्या नाकावर पडायचा.

"ताई, मागचा कॅमेरा लावा," तो सांगायचा. "मला वायरी दिसल्या पायजे, तोंड न्हाई." मग लगेच, "हे धुकं कसलं आलंय?" धुकं कसलं, माझ्या बोटांचं पीठ.

आधी बॅटरीची काळी वायर काढून ठेव. मग लाल वायर फ्यूजमधून घे. काळी बॉडीला कस. अलार्मचा डबा स्टिअरिंगखाली आत वरच्या बाजूला दडवून बांध, चोराच्या हाताला लागला नाही पाहिजे. सायरन बोनेटमध्ये. बोनेटमधून वायर आत आणायची तर मधल्या पत्र्याला रबर लावलेलं एक भोक असतं, त्यातून ती काही केल्या येईना. भाभी उठली, घरात गेली आणि पायजम्याला नाडी ओवायची सळई घेऊन आली. वायर सळईला बांधली आणि सुर्रकन आत ओढली. ती घरी शिवणकाम करायची ना. फोनमधून तो म्हणाला, "दुकान होतं तवाच तुला संगं न्यायला पायजे होतं."

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कॅमेरा वायरीकडं असला की दोघांना बोलणं सुचत होतं. ती वायर सोलत असायची, तो बघत असायचा, आणि मधेच तो सांगायचा, मी वरच्या पलंगावर झोपतो, छत इतकं जवळ आहे की उठताना डोकं आपटतं. पहिल्या रमजानला खजूर तोंडात धरून बसलो, गिळंच ना. ती सांगायची, तुमचा निळा शर्ट मी उसवून उशीला अभ्रा केला. हे त्यांनी एकमेकांना आधी कधी सांगितलं नव्हतं. समोरासमोर तोंड दिसलं की माणूस "बरं हाय" म्हणून मोकळा होतो.

आणि मी मध्ये, फोन धरून. मग मी एक युक्ती काढली. भाभीला सांगून टाकलं, "गिरणीच्या आवाजानं माझे कान गेलेत गं, मला जवळचंही नीट ऐकू येत नाही." तिनं मान हलवली. त्यानंतर दोघं निर्धास्त बोलायला लागली. मी चेहरा दगडासारखा ठेवायची. आत काय व्हायचं ते माझं मला माहीत.

सगळ्या वायरी जोडून झाल्या त्या दिवशी तिनं गाडीचं दार लावलं, रिमोट दाबला आणि सायरन जो बोंबलला, लिंबावरचे कावळे उडाले. घाबरून तिनं दार उघडलं, तर गप्प. लावलं, की परत बोंब. दाराची वायर उलटी जोडली गेली होती. म्हणजे चोरानं दार उघडावं आणि गाडीनं गप्प बसावं असा तो अलार्म.

"कावून बोंबलतंय गं ते?" सासू बाजेवरून उठून बसली.

आणि फोनमधून तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तरी थांबेना. "चोराची सोय केली गं तू," एवढंच कसंबसं म्हणाला. भाभी एका हातानं दार धरून तशीच उभी राहिली. ते हसणं ती कान देऊन ऐकत होती. तिचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला. त्याला दिसला नाही, कॅमेरा वायरीकडं होता.

शेवटी पदर झटकून ती म्हणाली, "बास ताई, आज एवढंच."

पुढच्या शुक्रवारी ती वायर सुलटी झाली. म्हणजे काम संपायला हवं होतं. पण त्याच्या पुढच्या शुक्रवारी इंडिकेटर लागेनात. मग डॅशबोर्डवरचा लाल दिवा बंद पडला. मग सायरन मुका झाला. दर वेळी कुठला तरी जोड सुटलेला निघायचा, दर वेळी तो पहिल्यापासून समजावून सांगायचा, आणि दर वेळी तिचं शेवटचं वाक्य तेच, "बास ताई, आज एवढंच." गाडीला दृष्ट लागली, असं मी म्हणायला लागले होते.

एका गुरुवारी भरदुपारी लाइट गेली म्हणून मी बाहेर आले. बघते तर भाभी गाडीत वाकून बसलेली. नखानं टेप सोडवत होती. धड जोडलेली वायर तिनं बाजूला केली, टेपची गुंडाळी केली आणि वर बघितलं, तर समोर मी.

"ढिल्ली झालती," ती म्हणाली.

"होय का," मी म्हणाले, आणि गिरणीत परत गेले. करण्यासारखं काही नव्हतं तरी चाळणी झटकत बसले. माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी सासूनं मला बाजेजवळ बोलावून घेतलं. "बघितलंस न्हवं? शुक्रवारी जोडती अन् गुरुवारी उसवती. काय बोलू नको तिला. मला बी पोराचा आवाज ऐकाय मिळतोय."

दुसऱ्या दिवशी मी धास्तावलेलीच होते. वायरीत आयुष्य गेलेला माणूस तो, आपोआप सुटलेला जोड आणि नखानं सोडवलेला जोड त्याला कळणार नाही? मी कॅमेरा मुद्दाम जरा लांब धरला. "जवळ घ्या ताई," तो म्हणाला. घेतला. तो बराच वेळ बघत राहिला. भाभीची मान खाली. मग त्यानं नेहमीसारखं सांगितलं, ही हिला जोड, पीळ दे. तिनं पीळ दिला, टेप लावला, एक वेढा झाला, दुसरा घ्यायला लागली.

"राहू दे," तो म्हणाला. "एकच वेढा बास."

भाभीचा हात थांबला. तीन वेढ्यांशिवाय ज्यानं कुणाची वायर सोडली नाही, तो माणूस म्हणत होता, एकच बास. तिनं टेप दातानं तोडला. त्या दिवशी तो तिला दातांवरून बोलला नाही. पुढं कितीतरी शुक्रवार तो अलार्म एका वेढ्यावर चालला.

हिवाळ्यात सासू गेली. त्याला येता आलं नाही, मालकानं सोडलं नाही. माती झाल्यानंतरच्या शुक्रवारी मला वाटलं, आज गाडीकडं कोण जातंय. पण फोन आला. तो म्हणाला, "ताई, कॅमेरा वायरीकडं लावून ठेवा." भाभी स्टिअरिंगखाली हात घालून बसली. कुणी काही जोडलं नाही, कुणी काही बोललं नाही. तिकडं तो रडत होता, इकडं ही. मी बहिरी.

नंतर त्यानं गॅरेज बदललं. नव्या मालकानं राहायला खोली दिली, बायकोला न्यायचे कागद झाले. ती जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यानं सगळे जोड पुन्हा उघडायला लावले आणि म्हणाला, "आता तीन वेढे मार." एकेका जोडावर तिनं तीन तीन वेढे मारले, अंगठ्यानं दाबून. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण प्रत्येक वेढा मी मनात मोजत होते, हेही खरं.

नांदूरघाटहून तिचा भाऊ जीप घेऊन आला. बुरखा घालून, बॅग घेऊन ती गिरणीत आली. गाडीची चावी आणि रिमोट माझ्या हातात दिला. गाडी अधूनमधून सुरू करून ठेवायची कशी, ते पुन्हा एकदा सांगितलं. मग जरा घुटमळली.

"ताई, तुमाला सगळं ऐकू येत होतं ना?"

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

ती हसली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या काळ्या बुरख्यावर माझ्या दोन्ही हातांचं पीठ उमटलं. झटकू म्हणाले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तशीच जीपमध्ये बसून गेली.

त्याला आता बरेच दिवस झाले. शेळी बोनेटवर चढते, सायरन बोंबलतो, मी पिठाच्या हातानं रिमोट दाबते, तो गप्प होतो. भाभीच्या घराला कुलूप आहे. गिरणी बंद झाली की भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही, आणि माझे कान तर चांगले धडधाकट आहेत. तिचा फोन येतो.

"जेवलात का ताई?"

"हो. तू?"

"हौ."

"अन् घरधनी बरे आहेत?"

"बरे हायेत."

"बरं मग."

आणि आम्ही दोघी गप्प. परवाच्या फोननंतर मी कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होते. ही बाई मला विसरेल, मीही तिला विसरेन, आणि आमचं भांडणसुद्धा झालेलं नसेल.

गेल्या शुक्रवारी दुपारी लाइट गेली तशी मी चावी घेतली आणि गाडीत वाकून बसले. सायरनची वायर शोधली. तिचे तीन वेढे काही केल्या नखाला येईनात. शेवटी दात लावले. टेपचा कडू डिंक जिभेला लागला. वायर सोडवून बाजूला केली आणि फोन लावला.

"भाभी, अलार्म मुका झालाय गं."

मग तिनं विचारलं, "जोड सुटला का ताई?"

"सुटला."

"मागचा कॅमेरा लावा," भाभी म्हणाली. मी लावला. बराच वेळ ती बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "पीळ द्या. हां, तसाच. आन् टेपचा एकच वेढा मारा."