तात्या नळ बंद करतात

संध्याकाळचं दूध मोजून झालं की आमच्या भूमच्या दूध सोसायटीत कॅन धुवायच्या ओट्यावर बैठक बसायची. दूध न्यायची गाडी कधीच वेळेवर आली नाही, त्यामुळे किस्से साठत गेले. निम्मे तात्यांचेच. हरिद्वारच्या प्रवासाचे मात्र ओट्यावर कुणी काढत नसे, कारण तात्या समोर बसलेले असत. आता तात्या नाहीत, म्हणून सांगतो.

* * *

दिल्लीला सहकाराचं संमेलन होतं. आम्ही तिघं निघालो: डायरेक्टर तात्या, सेक्रेटरी कांबळे आणि दुधाचं फॅट तपासणारा मी. तात्यांना संमेलनाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा बाळू बहात्तरच्या दुष्काळात घर सोडून गेला होता. टँकरवरून आणलेली घागर त्याच्या हातून सांडली, आणि तात्यांनी चारचौघांत त्याच्या मुस्काटात दिली. त्याच दिवशी पोरगं निघून गेलं. बऱ्याच वर्षांनी तेरखेड्याचा एक फटाकेवाला यात्रेहून आला आणि म्हणाला, "तात्या, तुमचा बाळू हरिद्वारात हाय. हाटेलात कामाला."

म्हणून संमेलन उरकलं की दिल्लीहून पुढं जायचं ठरलं. हात मोकळे राहावेत म्हणून कांबळेंनी पेंडीच्या रिकाम्या पोत्यांना पट्टे शिवून घेतले होते. तीन पोती पाठीवर घेऊन तीन माणसं दिल्लीत हिंडली. वास येत होता पेंडीचा. एका गाईनं तर माझा पार स्टेशनापर्यंत पिच्छा पुरवला!

* * *

दिल्लीच्या प्लॅटफॉर्मवर एक गोरा पोरगा बसला होता. दाढी वाढलेली, पाठीवर डोक्याहून उंच बोजा. तात्या त्याच्याकडं बघत राहिले.

"समदं घर पाठीवर घेतलंय. ह्याच्याकडं बी दुष्काळ पडला आसंल."

मग म्हणाले, "सेक्रेटरी, विचारा त्याला. त्यो कुठं हाय ते बापाला ठावं हाय का?"

कांबळेंनी इंग्रजीत विचारलं. पोरगा हसत होता, तो हसायचा थांबला.

"न्हाय म्हणतोय," कांबळे म्हणाले.

तात्यांनी पोत्यातून कडक भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. "खा म्हणावं. आन् घरी एक कार्ड टाक म्हणावं."

* * *

माझ्या पोत्यात लॅक्टोमीटर होता. सवय, दुसरं काय! चहावाल्याकडं कच्च्या दुधाची कॅन दिसली आणि मला राहवेना. त्याला न विचारताच लॅक्टोमीटर सोडला, तो तळाला जाऊन टेकला. चहावाला अंगावर आला.

"तात्या, निम्मं पाणी हाय ह्यात," मी म्हणालो.

"पाणी तरी हाय की," तात्या म्हणाले, आणि चहा पिऊन टाकला.

* * *

गाडी दिवसाची, पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनावर थांबायची आणि प्रत्येक स्टेशनावर कुठला ना कुठला नळ चालू असायचा. तात्या उतरायचे, नळ बंद करून यायचे. एका ठिकाणी लांबच्या टोकाला धार लागली होती. तात्या पोतं पाठीवर घेऊनच तिकडं गेले आणि गाडी हलली. आम्ही दोघांनी पोत्याच्या पट्ट्याला धरून त्यांना आत ओढलं. पट्टा तुटला.

कांबळे रागानं लाल. "तात्या, हितं ऱ्हायला असता तर? पोराला कोण भेटलं असतं?"

"चालू नळ मागं सोडून गाडीत बसवत न्हाय वो."

पुढच्या स्टेशनापर्यंत तात्या तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारत बसले होते.

* * *

हरिद्वार दिल्लीच्या मानानं अगदी शांत. थंडीचे दिवस, रस्त्यावर माणूस कमी. विचारत विचारत हॉटेल सापडलं. मालक बाळूचं नाव ऐकून हसला.

"वो महाराष्ट्रवाला? पगला था. जहाँ नल खुला देखे, बंद करके आता था."

तात्यांनी माझा दंड धरला. साऱ्या प्रवासात ते पहिल्यांदा हसले. "माजाच हाय," म्हणाले. "माजाच हाय त्यो. किधर है?"

मालक गल्ल्यावरून उठून बाहेर आला. तेवढ्यावरच मला कळलं. मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली होती. हॉटेलातल्या पोरांनीच त्याला घाटावर नेलं.

"घर का पता कितनी बार पूछा," मालक म्हणाला. "बोलता था, वहाँ पानी नहीं है."

मला रडू आवरेना. तात्यांनी फक्त पिण्याच्या पाण्याचा तांब्या मागून घेतला.

* * *

कांबळेंनी निघतानाच बजावलं होतं, "मी बौद्ध हाय, गंगेत आंघोळीला येणार न्हाय." पण घाटावर तात्यांच्या मागोमाग तेच पायऱ्या उतरले आणि गुडघाभर पाण्यात त्यांचा शर्ट धरून उभे राहिले.

तात्यांनी तांब्या भरला. वरच्या कोरड्या पायरीवर उपडा केला. परत भरला, परत उपडा केला. पाणी पायऱ्यांवरून वाहत खाली येत होतं. लोक बघायला लागले.

"तात्या, बास आता," मी म्हणालो.

तात्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. तांब्या भरत म्हणाले, "सांड रं, बाळू. लई हाय."