लाल टोक, निळं टोक

फोटोवर बाण काढणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. मीही त्यांच्यातलाच होतो, बरा काढायचो, म्हणून बोलतो.

सत्तरनंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्यात एक भिंत कोरी राहत नव्हती, आणि पत्रक काढल्याशिवाय आमच्यासारख्यांना अन्न पचत नव्हतं. बागबाजारच्या एका वस्तीत भाडेकरूंची समिती होती. सभासद आठ, त्यातले वस्तीत राहणारे दोन. उरलेले सहा जण वस्तीसाठी झटणारे, म्हणजे घरी पंख्याखाली जेवून तिथे जाणारे. मी दमदमहून जायचो. वडील केंद्र सरकारचे अधिकारी, बदलीवर आलेले. घरात मराठी, बाहेर क्रांती.

वस्तीच्या मालकाने तिथल्या एकुलत्या हापशाचा दांडा काढून नेला होता. पाणी तोडलं की माणसं आपोआप उठतील, एवढं साधं गणित. महापालिकेत तो सांगे, हापसा नादुरुस्त आहे. प्रत्यक्षात दांडा त्याच्याच व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेला. सगळ्यांना माहीत, दाखवायला कुणी तयार नाही.

एक बाई तयार झाली. मालकाच्याच जिन्याखालच्या खोलीत एकटी राहायची, शिलाई मशिनवर लोकांचे ब्लाउज शिवायची. आमच्यातल्या एकाने कॅमेरा आणला. ती हापशापाशी उभी राहिली आणि हात लांब करून तिने व्हरांड्याकडे बोट दाखवलं.

"बोट घ्या," ती म्हणाली, "तोंड घेऊ नका. मला त्याच्याच जिन्याखाली राहायचंय."

"तोंड आम्ही झाकू, दीदी," मी म्हणालो.

"तू झाकणार, खोका?"

खोका म्हणजे बाळ. मला चांगल्या मिशा होत्या. फार लागलं मनाला.

फोटो उत्तम आला. मग बैठक बसली. कात्रीने तोंड कापून टाकलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. पण फोटो कापला की पुरावा खोटा ठरतो, असं सेक्रेटरीचं मत. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याला दाढी होती, म्हणजे विषय संपला. फोटोवर चार बाण, दांड्याभोवती एक वर्तुळ, प्रत्येक बाणाला आकडा, खाली आकड्यांचा खुलासा. बाण जाड की बारीक, यावर पाऊण तास गेला. बाण डावीकडूनच यायला हवा, असंही एकजण म्हणाला. हसला कुणीही नाही. शेवटी एकमताने ठराव झाला: मालकाचा गुन्हा लाल रंगात, आपली माणसं निळ्या रंगात. म्हणजे बाण नि वर्तुळ लाल, आणि त्या बाईचं तोंड निळ्याने भरून टाकायचं.

दोन्ही रंग माझ्या घरी एकाच काडीत होते. वडिलांची कचेरीतली पेन्सिल, एक टोक लाल, दुसरं निळं. फायलीवर लाल म्हणजे हरकत, निळा म्हणजे पाहिलं.

"ती सरकारची आहे," वडील पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "सरकार उलथवायला स्वतःची विकत आण."

"अहो, नेऊ द्या," आई म्हणाली. "तेवढंच काहीतरी लिहील. अभ्यास तर बंदच आहे."

गुळगुळीत फोटोवर ती पेन्सिल चढेना, म्हणून खरखरीत कागदावर दुसरी प्रत काढली. मन लावून रंगवलं. तिच्या तोंडावर निळ्याचे दोन हात दिले. हनुवटीसुद्धा दिसत नव्हती. स्वतःवर खूश झालो.

छपाईसाठी मोठ्या कॅमेऱ्याने फोटोचा फोटो घेऊन त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. चितपूरच्या एका गल्लीत म्हातारा ब्लॉकवाला होता. त्याने भिंग लावून पाहिलं.

"लाल ठीक आहे. काळा उठेल, कडक. हा निळा मात्र—"

"रंग समितीने ठरवलेत," मी म्हणालो.

"समितीने?"

"बैठकीत."

"एकमताने?"

"एकमताने."

"मग माझा कॅमेरा कोण लागून गेला," असं म्हणून त्याने तोंडात पान टाकलं आणि फोटो ठेवून घेतला.

प्रूफ पाहायला सेक्रेटरी आणि मी गेलो. त्याने बाण मोजले. चार. वर्तुळ ठसठशीत. आकडे जागच्या जागी. मीही बाणच पाहिले. माझे होते ना. "जबरदस्त!" म्हणून त्याने सही केली. मालकाला आपली ताकद कळावी म्हणून पहिलं पत्रक त्याने स्वतः जाऊन मालकाच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. ही त्याची शौर्याची कल्पना.

दुपारी वस्तीतल्या एका सभासदाने पत्रक हातात घेतलं. तो चपला शिवायचा, बैठकीत कधी बोलायचा नाही. थोडा वेळ पाहून म्हणाला, "ही तर आपली शिवणवाली."

होती. थोडी धुरकट, पण कपाळावरच्या व्रणासकट होती. मी तसाच चितपूरला धावलो. म्हातारा म्हणाला, "आमच्या फिल्मला लाल काळा दिसतो. निळा दिसतच नाही. कोरा कागद समजते ती. हेच सांगत होतो, तर तुम्ही बैठक सांगितलीत."

तिसऱ्या दिवशी महापालिकेचा माणूस पत्रक हातात धरून आला, बाणाच्या रोखाने व्हरांड्यात गेला आणि दांडा घेऊन बाहेर आला. संध्याकाळपर्यंत हापसा चालू. त्याच संध्याकाळी मालकाने तिचं शिलाई मशीन अंगणात आणून ठेवलं आणि खोलीला कुलूप घातलं.

"जिंकलो," सेक्रेटरी म्हणाला.

"आणि ती?"

"लढ्याला किंमत असते, भाई. आता दुसरं पत्रक काढू. तिच्या बंद खोलीचा फोटो, कुलपावर बाण."

मी त्याला मराठीत एक शिवी दिली. कलकत्त्यात मराठीचा तेवढा उपयोग असतो. त्याला वाटलं, मी होकार दिला. पण आम्हां सहा जणांपैकी एकाच्याही घरातून तिच्यासाठी खोली निघाली नाही. माझ्या घरात एक रिकामी होती, वडिलांच्या पाहुण्यांसाठी. मी विचारलंसुद्धा नाही. हे मी पत्रकात कधी छापलं नाही, म्हणून इथे लिहितो.

रात्र तिने त्या चपला शिवणाऱ्याच्या घरी काढली. सकाळी ती बजबज गावी भावाकडे निघाली. मशीन मी उचललं. हापशापाशी ती थांबली, दांडा दाबला, ओंजळीने पाणी प्यायली, तोंड धुतलं. रांगेतल्या एका बाईने तिची पिशवी धरली.

पदराने तोंड पुसत तिने मला विचारलं, "झाकतो म्हणाला होतास ना?"

"झाकलं होतं. मी स्वतः रंगवलं होतं."

"मग पुसलं कोणी?"

फिल्मचं सगळं शास्त्र एव्हाना मला पाठ होतं. सांगितलं असतं तर तिला पटलंही असतं, आणि मी सुटलो असतो.

"मीच," म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि म्हणाली, "मशीन नीट धर. सुई मोडेल."