चेकोस्लोव्हाकियाच्या कडा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला विचारायची तसदी नको.

बमरोलीच्या ज्या कापड कारखान्यात वडिलांनी, म्हणजे आबांनी, उभ्यानं मशीन चालवलं, त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी बसून काम करतो. एकदा शेठनी जुनं कपाट रिकामं करायला लावलं. त्यात परदेशी पाकिटांचा गठ्ठा निघाला. मशीनच्या सुट्या भागांबद्दलची पत्रं. पाकिटांवर तिकिटं: पूल, पक्षी, टोपीतला एक चिडका माणूस. देशाच्या नावातल्या पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर बारीकशी 'व्ही'सारखी खूण काढलेली. नवीन नकाशात तो देश सापडेना. लायब्ररीतल्या एका फाटक्या नकाशात सापडला. चेकोस्लोव्हाकिया. त्याचे दोन देश झाले हे मी परीक्षेत एका ओळीत लिहिलं होतं. गुण मिळाले होते.

पाकिटं पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली आणि आबांना म्हणालो, "आबा, हा देश आता नाही."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "देश नही, ते मशीन काय आभायमाईन पडनं?"

आमचं घरातलं बोलणं अहिराणी. मशीन काय आभाळातून पडलं, असं ते विचारत होते. त्यांच्या मशीनवर त्या देशाच्या नावाची पितळी पट्टी होती आणि दर दसऱ्याला त्यांनी तिला हळदकुंकू लावलं होतं. देश मोडला, मशीन अजून चालू आहे, हे त्यांना माझ्या डिग्रीतली चूक वाटली.

तरी मदतीला तेच बसले. तिकीट ओळखायचं तर त्याच्या कडेचे दाते मोजावे लागतात, हे मी वाचलं होतं. आबांकडे कापडाचे दोरे मोजायचं भिंग होतं. ते एक डोळा मिटून मोजायचे, मी लिहायचो. बहुतेक तिकिटांना चौदा निघाले. आबा खूश. "माल एकसारखा शे," म्हणाले.

मग शहरात तिकिटांची स्पर्धा जाहीर झाली. भाग घेणारे सगळे सिटीलाइटकडच्या बंगल्यांतले डॉक्टर आणि हिऱ्यांचे व्यापारी. आमच्या कामगारवस्तीतून, गोडादऱ्यातून, मी एकटा. मला बक्षीस नको होतं. त्या लोकांच्या रांगेत माझी चौकट टांगलेली राहावी आणि खाली माझ्या नावापुढे बी.ए. दिसावं, एवढंच हवं होतं. सोळा तिकिटं निवडली, प्रत्येकाखाली देश, चित्र आणि दाते लिहिलेली चिठ्ठी केली, आणि सगळं टेबलावर मांडून ऑफिसला गेलो.

आई घरी साड्यांचे दोरे कापायचं काम करते. गाठोडं येतं, ती कडेचे लोंबते धागे छाटते आणि साडी घडी करून परत देते. त्या दिवशी तिचं गाठोडं लवकर संपलं.

मी आलो तेव्हा सोळाही तिकिटांच्या कडा पट्टीसारख्या सरळ होत्या. एकालाही दाता नव्हता.

"माय, हे काय?"

"कडा कितल्या खराब व्हत्यात," आई म्हणाली. "चार लोकेसमा अशा लई जाशी का? समद्या सारख्या करी टाक्यात."

चार लोकांत अशा कडा न्यायच्या नाहीत, म्हणून तिनं त्या साड्यांच्या कात्रीनं छाटल्या होत्या. काम इतकं स्वच्छ होतं की रागवायला कुठं पकडावं कळेना. दुसरी तिकिटं निवडायला वेळ नव्हता. तीच लावली.

स्पर्धेच्या प्रदर्शनाला आई-आबा दोघंही आले. परीक्षक गुजराती, समोरचा माणूस बघून मराठी-हिंदी मिसळणारे. ते चौकटीपुढे थांबले, चष्मा वर केला, खाली केला.

"आ शूं छे? चिठ्ठीवर चौदा दाते लिहिलेत. दाते कुठायत?"

"होते," मी म्हणालो.

"मैंने गिने," आबा पुढं झाले. "एक इंच में चौदा."

"इंच?" परीक्षक म्हणाले. "दो सेंटीमीटर में गिनते हैं. ग्यारह आने चाहिए थे."

म्हणजे दाते असते तरी माझ्या सोळाही चिठ्ठ्या चुकीच्याच होत्या. ते तपासायला आता एकही दाता शिल्लक नव्हता, हा आईचा उपकार मला त्या क्षणी कळला.

"कापलेलं तिकीट तिकीट राहत नाही. उतार लो," परीक्षक म्हणाले.

मी चौकटीला हात लावला. आबांनी माझं मनगट धरलं.

"साहेब, इनका देशच नहीं रहा, वो चलता है. और दाते नहीं, तो नहीं चलता?"

परीक्षकांनी आबांकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, मग खिशातून पेन काढून एका कागदावर लिहिलं: 'फक्त पाहण्यासाठी'. तो कागद स्वतः चौकटीखाली टाचला आणि पुढं गेले. टाचणी नेमकी माझ्या बी.ए.ला चुकवून लागली होती. पुढचे दोन दिवस चौकट तिथंच राहिली.

परीक्षक पुढं सरकले तेवढ्यात आई पूर्ण रांग पाहून आली. डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या, सगळ्यांच्या तिकिटांच्या कडा तिनं बारकाईनं बघितल्या होत्या. ती माझ्या कानाशी आली.

"एवढा शिकेल लोके," ती हळू म्हणाली, "आन् एकनंबी काम पुरं नही."

उरलेली तिकिटं मी ऑफिसच्या कपाटात ठेवली आहेत, कुलूप लावून. ती कधी घरी आणतोस म्हणून आई अजून विचारते.