नेपाळच्या तानसेनमध्ये, आमाच्या शेजारी

पासपोर्ट नसतानाही परदेशात जाता येतं, हे मला सबिताने सांगितलं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये आम्ही शेजारी बसतो. तिचं गाव नेपाळमधलं तानसेन. "मतदार ओळखपत्र घे आणि चल," ती म्हणाली. घरात पदवी घेणारी मी पहिली, आता देशाबाहेर पाऊल टाकणारीही मीच. आईने दशम्या बांधून दिल्या.

कल्याण ते गोरखपूर स्लीपरने दीड दिवस, पुढे सोनौलीपर्यंत बसने तीनेक तास. सीमा चक्क चालत ओलांडायची. (शंभराच्या नोटा जवळ असू द्या, मोठ्या नोटा घ्यायला दुकानदार कुरकुरतात.) पलीकडचं बुटवल शहर सोडलं की जीप डोंगराला बिलगून चढत राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तानसेनला सबिताच्या घरची खिडकी उघडली. खालची अख्खी दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. एवढं पांढरं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी शनिवार होता, तिकडचा उपासनेचा वार. सबिताच्या काकूंकडे बायबल अभ्यासाला दहाबारा जण जमले होते. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या घरीही दर रविवारी असाच गट बसतो, त्यामुळे चपला काढतानाच ओळखीचं वाटलं. चिवडा-चणे झाले आणि वाचन सुरू झालं. प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. लिपी आपलीच, म्हणून मलाही नंबर मिळाला. माझ्या शेजारी सत्तरीच्या आमा होत्या, आमा म्हणजे आई. गवत कापून हात खरखरीत झालेले, पुस्तक उलटं धरलेलं. त्यांचा नंबर आला आणि मी सवयीने त्यांचं वचन वाचून टाकलं.

ही सवय घरची. आईला वाचता येत नाही. तिचा नंबर जवळ आला की ती "चहा उतू जाईल गं" म्हणत उठते आणि तिचं वचन मी वाचते. पाचवीपासून. मला वाटायचं, मी तिची लाज राखते.

इथे मात्र सगळे थांबले. आमा टाळी देऊन हसल्या, "मेरो पालो त यसले खाइदिई!"

"माझा नंबर हिने खाल्ला म्हणतात," सबिता म्हणाली. "आमच्यात वाचता न येणाऱ्याच्या कानात शेजारच्याने दोन-दोन शब्द सांगायचे. मोठ्याने म्हणायचं ते ज्याचा नंबर त्यानेच. आता सांग तू."

मी मान खाली घालून कानाशी लागले. रस्त्याकडेच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट होती. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने हाक मारतो. मी पुटपुटत होते आणि आमांचा आवाज खोलीभर घुमत होता. कुणी घड्याळ पाहिलं नाही. वाचून झाल्यावर त्या स्वतःहून म्हणाल्या, "आँखा थिएन, स्वर त थियो नि!" डोळे नव्हते, आवाज तर होता ना! माझ्या आईचा आवाज आमच्या गटात कधी कुणी ऐकला होता?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी चहा आधी करून थर्मासमध्ये भरून ठेवला. नंबर जवळ येताच आई उठायला लागली.

"चहा झालाय, आई. बस."

"जास्त शिकलीस का गं?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"बसा हो वहिनी," गटातल्या उल्हासनगरच्या मावशी म्हणाल्या, "दरवेळी उठून पळता."

आई बसली. कान लाल झाले होते. मी दोन शब्द सांगितले, ती जेमतेम पुटपुटली. आणखी दोन. मग आवाज थोडा मोकळा झाला. तानसेनहून मी आणलेली लोकरी शाल कपाटात आहे, धुक्याचे फोटो फोनमध्ये. पण खरं काय आणलं, ते मला तेव्हा कळलं. वचन संपत आलं होतं, मी घाईने शेवटचे शब्द एकदम सांगितले.

आईने माझा गुडघा दाबला. "हळू सांग. माझा नंबर आहे."