पाखाडीत खाली कोणी उतरायचं

आमच्या पाखाडीत एका वेळी एकच माणूस मावतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे पायऱ्या. समोरून कोणी आलाच, तर एकानं गडग्याच्या फटीतून खालच्या वाफ्यात उतरायचं. रिवाज असा की डोक्यावर ओझं असेल त्याला वाट. दोघांच्याही डोक्यावर असलं तर काय, ते कोणी ठरवून ठेवलेलं नाही. मी आणि माझा शेजारी आयुष्यभर तेच ठरवतोय. मी चौथीत शाळा सोडली, त्यानं तिसरीत. म्हणजे मान कोणाचा ते उघडच आहे, पण त्याला पटत नाही.

माझी नात विमान चालवते. गणपतीला आली तेव्हा जेवताना सांगितलंन, मुंबईला उतरताना दुसरं एक विमान फार जवळ आलं. लगेच तिच्यापुढचं यंत्र बोललं, खाली जा. त्याच वेळी त्या विमानातलं यंत्र त्याला म्हणालं, वर जा. दोन्ही यंत्रं आपसात आधी ठरवून घेतात म्हणे.

"मग तू काय केलंस?"

"खाली गेले."

मी हातातला घास ताटात ठेवला. "तूच का? तो कोण लागून गेला?"

"आबा, यंत्र सांगेल ते ऐकायचं. विमानतळाचा टॉवरवाला वेगळं सांगत असला तरी यंत्राचंच. वाद घालायला वेळ नसतो."

"त्याचं विमान मोठं होतं का?"

"बघितलंच नाही."

बघितलंच नाही! मी हात धुतले.

सकाळी शेजाऱ्याला सगळा प्रकार सांगितला. बदल एकच केला, नात वर गेली म्हटलं. आमच्या घरातलं कोणी उतरलं, हे त्याच्या कानावर जायला नको होतं.

दुपारी मी नारळांचा हारा डोक्यावर घेऊन पाखाडी उतरत होतो, नात मागे. समोरून तो गवताचा भारा घेऊन चढत आला. दोघंही थांबलो.

"काय गो, इमान वर नेलंस म्हणे!"

मी गडग्याकडे बघायला लागलो.

"नाही ओ अण्णाआजोबा, खाली नेलं."

तो असा हसला की भारा हलायला लागला. "तुझ्या आबानं तर वर नेलंन!"

"हसू नका, भारा पडेल. आबा, तुम्ही खाली. अण्णाआजोबा, तुम्ही वर. चला."

मी तोंड उघडलं.

"वाद नको, आबा."

उतरलो. तो वर गेला. त्याचा भारा पडला नाही, माझा हाराही नाही.

"हरलास रे!" वरून ओरडला.

"हरलो कसला! यंत्रानं सांगितलंन."

नात दुसऱ्या दिवशी गेली. दोन दिवसांनी त्याच जागी आम्ही पुन्हा समोरासमोर आलो, डोक्यावर ओझी तीच.

"तुझं यंत्र कुठाय?"

"ड्युटीवर."

"मग उतर तूच. तुला सवय झालीय."

"तू उतर. तुला शिकायचंय."

मान दुखेपर्यंत उभे राहिलो. शेवटी मी मनात म्हटलं, नातीनं उतरून काही बिघडलं नव्हतं. आणि फटीकडे वळलो. तोही नेमका तेव्हाच वळला. फटीत दोघंही खांद्याला खांदा लागून अडकलो, भारा माझ्या तोंडावर, नारळ गडगडत पायऱ्यांवरून खाली थेट त्याच्या अंगणात.

यंत्रं आधी बोलून का घेतात, ते मला तेव्हा कळलं. नारळ त्यानं अजून दिलेले नाहीत. म्हणतो, खाली आले ते स्वतःहून.