सिंधूच्या मुखाकडचे मास्तर

"खलास, साहेब. मास्तर गये." इब्राहिम मास्तरांच्या खोलीतला सोबती फोनवर एवढंच बोलला. शारजातल्या अल नहदाच्या घरून मी ऑफिसला निघालो होतो. तसाच खोर फक्कानला गाडी वळवली. त्याला आता महिना झाला...

तिथल्या बंदरात आम्ही बारा वर्षं एकाच टेबलाशी बसून कंटेनरच्या नोंदी तपासल्या. बदली होऊन मी शारजात आलो, ते तिथेच राहिले. मी रत्नागिरीकडचा, ते पाकिस्तानातल्या सिंधचे. सिंधू जिथे समुद्राला मिळते तिथल्या गावात ते भूगोल शिकवायचे. वरच्या अंगाला धरणं झाली, कालवे निघाले, गोडं पाणी खाली येईनासं झालं. मग समुद्रच नदीच्या पात्रातून वर शिरला. लाल तांदळाची शेतं खारावली, शाळेत पोरं उरली नाहीत, आणि मास्तर इकडे आले. जेवायच्या सुट्टीत ते ठठ्ठा शहराबद्दल सांगत. एकेकाळची राजधानी, घाटाला गलबतं लागायची. नदीनं वाट बदलली आणि शहर मागं पडलं. "साईं, हमारे यहाँ बादशाह नहीं, दरिया हुकूमत करता है." दरिया म्हणजे त्यांच्याकडे नदी. तुमचं सिंध आमच्या राष्ट्रगीतात आहे, असं मी एकदा म्हणालो तर हसले. "चलो, नाम तो कहीं रह गया..."

मागणं मात्र एकच. गावी वडिलांच्या कबरीशेजारी आपली जागा राखलेली आहे, तिथेच पोचवा. मी शब्द दिला होता.

म्हणून त्या दिवशी खोर फक्कानच्या हॉस्पिटलच्या दारातूनच मी कराचीला त्यांच्या मुलाला फोन लावला. कागदपत्रं, विमान, सगळं मी बघतो म्हणालो.

"अंकल, लाएँगे कहाँ? वो क़ब्रिस्तान तो समंदर में चला गया."

"कब?"

"छह साल हुए. अब्बा को बताने की हिम्मत नहीं हुई... वहीं सुला दीजिए."

दुसऱ्या दिवशी, चार ओळखीची माणसं जमवून, त्यांना इथल्याच रेताड जमिनीत ठेवलं. मूठभर माती मीही टाकली. शब्द मोडला होता.

मग सामान आवरायला खोलीवर गेलो. पलंगाशेजारी भिंतीवर मास्तरांनी हातानं काढलेला नदीमुखाचा नकाशा होता. बुडालेली गावं त्यांनी निळ्या शाईनं भरून टाकली होती. मी त्यांचं गाव शोधलं. तेही निळं होतं, आणि ती शाई जुनी, फिकी पडलेली. तरीही दर ईदला त्यांनी माझ्याकडून तोच शब्द घेतला होता.

नकाशा आता माझ्या घरी आहे. मास्तरांच्या मुलाला हे कळवावं की नाही, अजून ठरत नाही.